साहेब ‘गेले’ नाहीत, बदलून गेले

पत्र असं आहे:

‘नमस्कार ताई. मी लोटे परशुराम एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत शिफ्टला आहे. शिक्षण डिप्लोमा, शाळा मराठी माध्यमाची. इंग्रजी वाचलेलं कळतं, लिहायला बसलो की हात आखडतो. गेल्या महिन्यात आमच्या प्रॉडक्शनच्या साहेबांची गुजरातमध्ये दहेजच्या प्लांटला बदली झाली आणि त्यांचं काम माझ्याकडे आलं. इंग्लंडच्या एका कस्टमरला मी तसा मेल टाकला. फ्रेजल व्हर्ब, म्हणजे टेक ओव्हर, पास ऑन अशी जोडशब्दांची क्रियापदं, वापरले की इंग्रजी अस्सल वाटतं असं कुठेतरी वाचलं होतं, म्हणून मुद्दाम वापरले. लिहिलं असं: “अवर प्रॉडक्शन मॅनेजर हॅज पास्ड ऑन. आय हॅव टेकन हिम ओव्हर. आय अ‍ॅम ऑल्सो होल्डिंग अ‍ॅडिशनल चार्ज ऑफ डिस्पॅच.” दुसऱ्या दिवशी तिकडच्या बाईंचं उत्तर आलं. साहेबांच्या निधनाबद्दल त्यांनी फार हळहळ व्यक्त केली होती, घरच्यांना आमच्या वतीने धीर द्या म्हणाल्या होत्या, आणि शेवटी जरा संकोचूनच विचारलं होतं की डिस्पॅचचा हा जादा चार्ज किती आणि कधीपासून लागू. साहेब दहेजला ठणठणीत आहेत. आता काय उत्तर देऊ? हे हँड ओव्हर, टेक ओव्हर, पास ऑन एकदा समजावून सांगा. आमच्या शिफ्ट रजिस्टरलाही “चार्ज हँडेड ओव्हर, ऑल ओके” असंच लिहितात, ते बरोबर आहे का? आणि अजून एक. साहेब गेल्यापासून जो तो आपलं काम माझ्या गळ्यात मारतो. कालच स्टोअरमधून मेल आला, “आय अ‍ॅम ऑन लीव्ह, काइंडली टेक ओव्हर द स्टॉक स्टेटमेंट अँड डू द नीडफुल.” मराठीत मी चार शब्द सुनावले असते. इंग्रजीत नाही कसं म्हणायचं? – एक वाचक, चिपळूण.’

आधी त्या बाईंना उत्तर पाठवा, आणि आजच पाठवा. एव्हाना त्यांनी त्यांच्या ऑफिसात चारजणांना सांगितलं असेल. त्यातल्या कुणी साहेबांच्या घरच्या पत्त्यावर सांत्वनाचं कार्ड धाडलं, तर ते उघडताना वहिनींचं काय होईल? मेल आखूड ठेवा, पाच वेळा सॉरी म्हणत बसू नका. असं लिहा:

‘थँक यू फॉर युवर काइंड मेसेज. आय अ‍ॅम हॅपी टू से ही इज अलाइव्ह अँड वेल. ही हॅज मूव्ह्ड टू अवर प्लांट इन गुजरात, अँड आय हॅव टेकन ओव्हर फ्रॉम हिम. आय अ‍ॅम ऑल्सो लुकिंग आफ्टर डिस्पॅच फॉर नाऊ. देअर इज नो एक्स्ट्रा चार्ज. सॉरी फॉर द मिक्स-अप.’

बाई हसतील आणि विषय संपेल. असा घोळ दुसऱ्याच्या भाषेत मेल लिहिणाऱ्या कुणाचाही होऊ शकतो, त्यामुळे जिवाला लावून घेऊ नका.

आता चुकलं काय ते बघू. पास ऑन या क्रियापदाला पुढे कर्म लागतं. निरोप पास ऑन करता येतो, फोन नंबर करता येतो, फाईल करता येते, घरातल्या सगळ्यांना सर्दीसुद्धा पास ऑन करता येते. कर्म गाळलं आणि कर्त्याच्या जागी माणूस बसवला की तो माणूस वारला. यात इंग्रजीला हसण्यासारखं काही नाही. मराठीत ‘साहेब गेले’ म्हटलं की ऐकणारा क्षणभर चाचरतोच. तुम्ही स्वतःच पत्रात ‘साहेब गेल्यापासून’ लिहिलंय. दहेजचं वाक्य आधी नसतं, तर मीही त्या बाईंच्या रांगेत उभी राहिले असते. आणि हेच पास ऑन तोंडी बोलताना कुणी कामाच्या बाबतीत वापरलं, म्हणजे ‘आय विल पास ऑन दॅट’ म्हणालं, तर त्याचा अर्थ निघतो ‘हे मला नको, मी सोडून देतो’. तुम्हाला म्हणायचं असतं ‘मी पुढे पोचवतो’. पोचवायचं असेल तर ‘आय विल पास इट ऑन’. एवढासा ‘इट’ मध्ये आला नाही तर होकाराचा नकार होतो.

इंटरनेटवर फ्रेजल व्हर्बच्या लांबच लांब याद्या मिळतात, त्या पाठ करायच्या फंदात पडू नका. याद्या पाठ होतात आणि ऐनवेळी नेमका चुकीचा शब्द जिभेवर येतो. त्यापेक्षा हे प्रकरण चालतं कसं ते समजून घ्या. ही चाल तुम्हाला मुळात येते, फक्त मराठीत. ‘चावी दिली’, ‘चावी देऊन टाकली’, ‘चावी देऊन ठेवली’, ‘चावी देऊन बसलो’. चारही ठिकाणी चावी दिलीच आहे. पण टाकली म्हणजे सुटलो एकदाचा, ठेवली म्हणजे पुढची सोय केली, बसलो म्हणजे आता पस्तावतोय. हे तुम्हाला कुठल्या मास्तरांनी शिकवलं नाही. मागे लागलेलं छोटं क्रियापद सगळा रंग बदलतं, हे कानाला ठाऊक असतं. इंग्रजीत हे काम मागे लागणारे चिमुकले शब्द करतात: ओव्हर, ऑन, इन, डाऊन, बॅक. फरक असा की मराठीतलं ते दुसरं क्रियापद बोलणाऱ्याच्या मनाचं सांगतं, आणि इंग्रजीतला तो शब्द बहुधा दिशा सांगतो. वस्तू कुठून निघाली, कुठे पोचली आणि शेवटी हातात कुणाच्या राहिली.

हँड हे एकच क्रियापद घ्या. हँड इन म्हणजे आपल्याकडून वरच्याकडे किंवा ऑफिसात जमा करणं. राजीनामा हँड इन करतात, रस्त्यात सापडलेलं पाकीट पोलीस चौकीत हँड इन करतात. हँड आऊट म्हणजे वाटणं. हँड डाऊन म्हणजे वरून खाली, थोरल्याचे शर्ट धाकट्याला, आजीच्या पाटल्या नातीला, आणि कोर्टाचा निकालसुद्धा, कारण तोही वरूनच येतो. हँड बॅक म्हणजे ज्याचं त्याला. आणि हँड ओव्हर म्हणजे ताबा एका बाजूचा सुटून दुसऱ्या बाजूला जाणं. १ जुलै १९९७ ला हाँगकाँग ब्रिटनकडून चीनकडे गेलं, त्याला इंग्रजी वर्तमानपत्रं ‘द हँडओव्हर’ म्हणाली. चीन त्याच घटनेला ‘परत येणं’ म्हणतो. ओव्हर म्हटलं की मुळात होतं कुणाचं हा प्रश्न उघडा राहतो, बॅक म्हटलं की तो निकालात निघतो. एवढ्याशा शब्दावर सरकारं अडून बसतात, तर आपण मेल लिहिताना दोन मिनिटं थांबायला हरकत नाही.

हँड ओव्हर वस्तूचं होतं, कामाचं होतं, चाव्यांचं होतं. माणसाचं करायला जाल तर सांभाळून. ‘आय हँडेड ओव्हर द ट्रेनी टू द सेफ्टी ऑफिसर’ असं वाचलं की डोळ्यांसमोर त्या पोराला कॉलर धरून नेलेलं दिसतं, आपल्याकडे ‘पोलिसांच्या हवाली केलं’ म्हटल्यावर दिसतं तसं. तिथे साधं ‘आय सेंट द ट्रेनी टू’ पुरे. मीटिंगमध्ये मात्र कर्माशिवाय म्हणता येतं, ‘आय विल हँड ओव्हर टू माय कलीग नाऊ’, म्हणजे आता पुढचं माझे सहकारी बोलतील. ते अगदी योग्य आहे.

एक चूक माझ्याकडच्या पत्रांत हमखास दिसते: ‘प्लीज हँड ओव्हर इट’. सर्वनाम असेल तर ते मध्येच बसतं. हँड इट ओव्हर, हँड देम ओव्हर, पास इट ऑन, टेक इट ऑन. लांबलचक नाम असेल तर ते शेवटी चालतं: ‘हँड ओव्हर द कीज ऑफ द सॉल्व्हंट स्टोअर’. पण लुक आफ्टर, सी टू, स्टँड इन फॉर यांना फोडायचं नाही. ‘लुक आफ्टर इट’, ‘सी टू इट’. आफ्टर, टू, फॉर, फ्रॉम हे शब्द आपलं नाम सोडत नाहीत, एवढं लक्षात ठेवलं तरी तुमचं काम भागेल. आणि लिहिताना क्रियापद दोन शब्दांत, नाम एका शब्दात. बोलताना क्रियापदात जोर ओव्हरवर पडतो, नामात तो हँडवर पडतो.

टेक ओव्हरचा तुमचा घोटाळा जास्त मजेदार आहे. ‘आय हॅव टेकन हिम ओव्हर’ म्हणजे तुम्ही साहेबांना विकत घेतलंत, एखादी कंपनी घ्यावी तसं. आधी ते वारले आणि मग तुम्ही त्यांना ताब्यात घेतलंत, असा क्रम त्या बिचाऱ्या बाईंनी वाचला. ज्याच्याकडून काम घेतलं त्याच्यामागे फ्रॉम लागतो: ‘टेकन ओव्हर फ्रॉम हिम’. काम सांगायचं तर ते थेट: ‘टेकन ओव्हर द प्लॅनिंग’. पद सांगायचं तर अ‍ॅज: ‘टेकन ओव्हर अ‍ॅज प्रॉडक्शन इन-चार्ज’. हा फ्रॉम निव्वळ व्याकरणापुरता नाही, तो सौजन्याचाही आहे. ‘ही टुक ओव्हर द मीटिंग’ म्हटलं की मीटिंग दुसऱ्याची होती आणि हा घुसला असा वास येतो. फ्रॉम लावला की कुणीतरी दिलं म्हणून मी घेतलं, हे उघड होतं. आणि ‘टेकओव्हर’ हे नाम बहुतेक कंपन्यांच्या खरेदी-विक्रीच्या बातम्यांत भेटतं, तुमच्या बदलीच्या मेलमध्ये ते नको.

जवळच एक टेक ऑन आहे. काम टेक ऑन करणं म्हणजे अंगावर घेणं, माणसं टेक ऑन करणं म्हणजे कामावर घेणं. पण ‘टेक हिम ऑन’ म्हणजे त्याच्याशी दोन हात करणंही होतं. साहेबांच्या बाबतीत तुम्ही हे वापरलं नाहीत, हे नशीब.

आता चार्ज. हा शब्द आपल्या हाडीमाशी इतका मुरलाय की तो परका वाटतच नाही. तलाठी चार्ज देतो, मुख्याध्यापक चार्ज घेतात, एखाद्याकडे तीन तालुक्यांचा अ‍ॅडिशनल चार्ज असतो. सरकारी मराठीत पदभार, कार्यभार. भारतातल्या कुठल्याही ऑफिसात ‘हँडेड ओव्हर चार्ज’ बिनदिक्कत लिहा, ते आपलं इंग्रजी आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण समुद्रापलीकडे चार्ज म्हणजे पहिल्यांदा आठवतो तो पैसा, मग पोलिसांनी ठेवलेला आरोप. ‘अ‍ॅडिशनल चार्ज ऑफ डिस्पॅच’ वाचून बाईंनी रेट विचारला तो याचमुळे, त्यांच्या जागी कुणीही विचारला असता. ‘ही वॉज चार्ज्ड लास्ट मंथ’ लिहिलंत तर वकील कोण ते विचारतील. त्यात तुमचा धंदा केमिकलचा. रिअ‍ॅक्टरमध्ये कच्चा माल सोडतात त्यालाही तुम्ही चार्ज करणंच म्हणता, म्हणजे प्लांटवर हा शब्द आधीच कामाला लावलेला. बाहेरच्या मेलमध्ये ‘आय अ‍ॅम इन चार्ज ऑफ’ किंवा ‘आय हॅव बीन पुट इन चार्ज ऑफ’ लिहा. आपण ‘मी इनचार्ज आहे’ म्हणतो तसं ‘आय अ‍ॅम द इनचार्ज’ तिकडे चालत नाही, पण अर्थ पोचतो. त्यासाठी झोप उडवून घेऊ नका.

ज्याने झोप उडावी असा शब्द दुसराच आहे, आणि तो तुम्ही वापरला नाहीत म्हणून मीच सांगते. आपल्याकडे बदली झाली की माणसाला रिलीव्ह करतात, रिलीव्हिंग लेटर देतात, कार्यमुक्त म्हणतात, निरोपाला नारळ आणि शाल. ब्रिटिश कानाला ‘ही वॉज रिलीव्ह्ड ऑफ हिज ड्युटीज’ ऐकू येतं ते ‘त्याला काढून टाकलं’ असं, आणि तेही काहीतरी भानगड केल्यामुळे. एवढं मात्र खरं की पाळीपुरता हा शब्द तिकडेही जसाच्या तसा आहे. तुमच्याकडे ‘रिलीव्हर आला नाही’ म्हणतात, ते ‘माय रिलीफ हॅजन्ट कम’ म्हणतात. पाळीवरून सुटणं वेगळं, पदावरून सुटणं वेगळं. बदली सांगायला ‘मूव्ह्ड टू’ सगळ्यात निर्धोक.

तात्पुरतं काम आणि कायमचं काम यांना इंग्रजीत वेगळे शब्द आहेत, आणि इथे आपली माणसं फार ढिसाळ लिहितात. कुणी रजेवर आहे आणि तुम्ही आठवडाभर बघताय, तर ‘आय अ‍ॅम स्टँडिंग इन फॉर हिम’ किंवा ‘फिलिंग इन फॉर हिम’. हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं की मूळ माणूस परत येणार आहे. ‘टेकन ओव्हर’ म्हटलंत की तो परत यायचा नाही, आता कायम तुम्हीच. ‘कव्हरिंग फॉर हिम’ही चालतं, पण त्याला दुसरी बाजू आहे. साहेबांनी विचारलं तेव्हा मित्राची दांडी लपवली, त्यालाही कव्हर फॉर म्हणतात. म्हणून ‘आय अ‍ॅम कव्हरिंग हिज शिफ्ट’ लिहावं, म्हणजे शिफ्ट कव्हर झाली, पाप नाही.

दोन छोट्या गोष्टी तुमच्या ब्रिटिश कस्टमरच्या मेलमध्ये भेटतील. ‘इट्स अप टू यू’ म्हणजे तुमची मर्जी. ‘इट्स डाऊन टू यू’ म्हणजे जबाबदारी तुमची, किंवा झालं ते तुमच्यामुळे. ‘द डिले वॉज डाऊन टू द सप्लायर’ वाचून उशीर सप्लायरकडे खाली पाठवला असा अर्थ लावू नका. सप्लायर तुम्हीच असाल तर बोट तुमच्याकडे आहे. आणि त्या बाई ‘लीव्ह इट विथ मी’ म्हणाल्या तर समजा, काम त्यांनी घेतलंय पण थोडा वेळ लागेल, उद्याच आठवण करू नका.

आता रजिस्टर. ‘चार्ज हँडेड ओव्हर, ऑल ओके.’ मला हे वाक्य त्या मेलपेक्षा जास्त खटकलं. व्याकरण नीट आहे. पण वाचणाऱ्याला त्यातून काहीही कळत नाही. उत्तर समुद्रात, अ‍ॅबर्डीनच्या ईशान्येला, पायपर अल्फा नावाचा तेल आणि वायू काढण्याचा फलाट होता. ६ जुलै १९८८ च्या रात्री तिथे स्फोट झाले आणि १६७ माणसं मेली. दिवसा एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढला होता आणि पाईपच्या उघड्या तोंडाला नुसती ब्लाइंड फ्लँज, म्हणजे तोंड झाकणारी धातूची चकती, लावून ठेवली होती. परमिटचा, म्हणजे त्या कामाच्या परवानगीचा, कागद होता. रात्रपाळीपर्यंत ती गोष्ट पोचली नाही. दुसरा, चालू असलेला पंप रात्री बंद पडला, तेव्हा त्यांनी हा व्हॉल्व्ह काढलेला पंप सुरू केला. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने १९९० मध्ये १०६ शिफारशी केल्या, आणि परमिटची पद्धत व पाळी बदलताना दिली जाणारी माहिती यांवर त्यात कडक बोट ठेवलंय. तुम्ही केमिकलवाले, कदाचित सेफ्टीच्या ट्रेनिंगमध्ये हे ऐकलंही असेल. ऐकून रजिस्टरला पुन्हा ‘ऑल ओके’च लिहिलं जातं, ते मला समजत नाही.

विमानात दोन वैमानिक एकमेकांकडे ताबा देतात तेव्हा ते हँड ओव्हर म्हणत नाहीत की टेक ओव्हर म्हणत नाहीत. एक म्हणतो ‘यू हॅव कंट्रोल’, दुसरा म्हणतो ‘आय हॅव कंट्रोल’. देण्याघेण्याचं क्रियापदच नाही. आत्ता कुणाकडे आहे, एवढंच दोघं आपापल्या तोंडाने म्हणतात. रजिस्टरची भाषा तशी हवी. पंपाचं नाव, स्थिती, काय करायचं नाही, कुणाला सांगितलं, किती वाजता. उदाहरणार्थ: ‘पंप पी-२ आयसोलेटेड, परमिट ओपन, डू नॉट स्टार्ट. आर-३ बॅच ६५ डिग्रीला होल्डवर, पुढचं सॅम्पल ११:३०. अमुक यांना सांगितलं, त्यांनी रीड बॅक केलं, १०:५०.’ यात रीड बॅक हा एकच फ्रेजल व्हर्ब आलाय आणि तो आलाच पाहिजे. ऐकणाऱ्याने ऐकलेलं परत म्हणून दाखवणं, असा त्याचा अर्थ. आणि हो, मी अर्धं मराठीत लिहिलं ते मुद्दाम. तुमच्या प्लांटवर कोकणातली माणसं असतील, उत्तरेकडचीही असतील. कंपनीचा नियम आड येत नसेल, तर रात्री पावणेअकराला डोळ्यांवर झोप असलेल्या माणसाला जी भाषा एका नजरेत कळते तीत लिहा. तिथे अस्सल इंग्रजीची हौस नको.

राहिलं स्टोअरचं प्रकरण. काम दुसऱ्याच्या गळ्यात मारण्यासाठी इंग्रजीत शब्दांचा दुष्काळ नाही. पाम ऑफ, डंप ऑन, ऑफलोड, आणि विचारायला गेलात तर थातुरमातुर सांगून वाटेला लावतात ते फॉब ऑफ. हे शब्द ओळखता आले पाहिजेत, पण मेलमध्ये एकही लिहू नका. ते लेखी आरोप आहेत, मराठीतले चार शब्द तोंडी सुनावण्याइतके ते स्वस्त पडत नाहीत. ‘नो’ने सुरुवात करू नका, लांब कारणंही देऊ नका. इंग्रजी ऑफिसात नकार देण्याची रीत अशी की काम कुणाकडे राहणार ते सरळ सांगायचं. ‘आय अ‍ॅम अफ्रेड आय कान्ट टेक धिस ऑन धिस वीक.’ थोडी मदत करायची तयारी असेल तर ‘हॅपी टू हेल्प, बट इट नीड्स टू स्टे विथ यू.’ हे ‘स्टे विथ यू’ फार कामाचं आहे, त्यात राग नाही आणि काम जिथल्या तिथे राहतं. घ्यायची तयारी आहे पण आधीचं काहीतरी उतरवायला हवं, तर ‘आय कॅन टेक धिस ऑन फ्रॉम मंडे इफ समवन कॅन टेक डिस्पॅच ऑफ माय हँड्स.’ हे आता तुमच्या वर जे साहेब आहेत त्यांना लिहायचं, स्टोअरवाल्याला नाही, कारण डिस्पॅच काढून घेणं त्याच्या हातात नाही.

स्टोअरवाल्याच्या मेलमध्ये खरी मेख टेक ओव्हरमध्येच आहे. तो रजेवर आहे, म्हणजे परत येणार आहे. मग टेक ओव्हर कशाला? चुकून लिहिलं असेल, किंवा चुकून नसेलही. त्याला एका ओळीचं उत्तर टाका, वरच्या साहेबांना सीसीत ठेवा: ‘आर यू हँडिंग धिस ओव्हर टू मी, ऑर शॅल आय जस्ट लुक आफ्टर इट टिल यू आर बॅक?’ प्रश्न नम्र आहे, आणि लेखी उत्तर दिल्याशिवाय त्याची सुटका नाही. दुसरं उत्तर आलं तर परत येण्याची तारीख मागून घ्या, स्टॉक स्टेटमेंटची शेवटची फाईल मागा, आणि तो आला त्या सकाळी ‘हँडिंग धिस बॅक टू यू’ असा मेल टाका. पहिलं उत्तर आलं तर तुम्ही काहीही घेऊ नका, ते वरच्या साहेबांना ठरवू द्या. आणि हे सगळं मेलवरच करा, फोनवर नको. फोन आलाच तर ‘लेट मी चेक अँड गेट बॅक टू यू’ म्हणा आणि ठेवून द्या.